विहिरीचं पाणी

लाइट गेली ती सात वाजून दहा मिनिटांनी.
खाडीच्या अंगाने आधी एक पांढरी फट पडली,
मग डीपीकडून फाट्कन आवाज,
आणि मिठबावभर काळोख.
आमच्या घरात नुसतं टुक झालं.
पंखा क्षणभर अडखळला
आणि कण्हत पुन्हा फिरू लागला.

बाबा खुर्चीत सरसावून बसले.
"चार तास तरी खंय जाणा नाय."
चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस.
निवृत्तीला सहा पावसाळे झाले,
तरी गावाला अजून वायरमन तिर्लोटकरच.

विसाव्या मिनिटाला पहिला बीप.
बारीक, ताटात सुई पडावी तसा.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते कौलांकडे बघत मोजत होते,
"एक... दोन... तीन... हां, तांबळडेगात पडली."

ढग त्यांना ऐकू येतात. जाडे आवाज सगळे येतात.
बारीक आधी जातात, डॉक्टर म्हणाले होते.
कुकरची शिटी गेली,
चवथीच्या आरतीतली झांज गेली,
माझी हाक मीच जाड करून घेतली.
बीप त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

जिन्याखाली टॉर्च घेऊन वाकले.
टर्मिनलवर हिरवट भुकटी,
खारा वारा कशालाच सोडत नाही, तशी.
सहा बुचं, सहाही फ्लोट वर,
पाणी काठोकाठ.
आणि कोपऱ्यात
कणकवलीहून आणलेला बॅटरीच्या पाण्याचा कॅन,
पाच लिटर,
सील जसंच्या तसं.

"पाणी मियाच घातलंय गो, परवाच,"
खुर्चीतून आवाज.

हो, घातलंत.
कॅनच्या मागे उपडा तांब्या होता,
कडेला सुकलेली मिठाची रेघ.
बांध फुटल्यापासून आमची विहीर
भर पावसातही मचूळ. चहा फाटतो तिच्या पाण्यात.
आणि हाच माणूस,
तार हातात घ्यायच्या आधी तीनदा तपासणारा,
अख्ख्या वाडीला बोट उगारून सांगायचा,
बॅटरीला साधं पाणी म्हणजे वीख.

फोन वाजला. बस्त्याव.
मामा, लाइट कधी येतली?
बाबांनी घसा खाकरला, आवाज ड्युटीवरचा काढला,
"डीओ उडालो असतलो. पोरां गेली आसत. धीर धर."
कुठली पोरं, कुठे गेली, कोणास ठाऊक.
मग रुकय्याभाभी, फ्रीजरमधल्या सौंदाळ्यांची काळजी घेऊन.
मग मुणगेकरीण, नुसतीच घाबरलेली.
मग पुन्हा बस्त्याव.
सबस्टेशनचा फोन कोणी उचलत नाही,
हा उचलतो.
फोन चौदा टक्के.

बीप आता लागोपाठ.
मी ट्यूब बंद केली. पंखा बंद केला.
राऊटर, मोरीतला दिवा,
देवासमोरचा लाल झिरोचा बल्बसुद्धा.
फक्त चार्जर ठेवला.
काळोखात एक हिरवा ठिपका
आणि त्याला लागून बाबांचा फोन,
सलाइन लावल्यासारखा.

"काय गो, बॅटरी बसली?"
"नाही बाबा, मीच बंद केलं. वाचवतेय."
"शाबास. रात मोठी आसा."

उद्या ते पारावर गेले की
कॅनचं सील मी तोडीन,
लिटरभर पाणी माडाच्या मुळात ओतीन,
म्हणजे वापरल्यासारखा दिसेल.
मग दुकानदाराला शिव्या देऊ दोघं मिळून,
वॉरंटी संपल्या संपल्या कशी मेली बघा म्हणून.

पुन्हा वीज. त्या उजेडात
मांडीवर त्यांचे हात दिसले,
बोटं अर्धी मिटलेली,
पकड धरल्यासारखी.
"एक... दोन..."

जिन्याखाली मशीन एकदाच लांब ओरडलं
आणि थांबलं.
ठिपका गेला.
ते मोजतच होते.

फोन वाजला.
"येतली," ते म्हणाले, "येतली गो बाय.
पोरां खांबार आसत."